शाल्मलीच्या शेजारची जागा

पालकसभेत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नववी ‘ब’चा नकाशा उमटला, तेव्हा रेणुका शेटेला तो चक्क सुंदर वाटला. काळ्या पडद्यावर चमकणारे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे वर्गातलं एकेक मूल. ठिपक्यांमधून बाण ये-जा करत होते. हिरवा बाण म्हणजे या मुलामुळे त्या मुलाचं मन हलकं झालं, राखाडी म्हणजे जड झालं. मुख्याध्यापिका कुलथे मॅडम बोटाच्या इशाऱ्यानं नकाशा फिरवून दाखवत होत्या.

“नावं आम्ही मुद्दाम दिलेली नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण एवढं लक्षात घ्या. या वयात मुलाचं मन मार्कांनी बिघडत नाही तेवढं शेजारी कोण बसतं त्यानं बिघडतं. आणि सुधारतंही त्यानंच.”

पालकांनी माना डोलावल्या. लातूरसारख्या गावात, जिथं पोरं सकाळी शिकवणी, दुपारी शाळा आणि संध्याकाळी पुन्हा शिकवणी अशी घाण्याला जुंपलेली, तिथं हे कुणालाही पटण्यासारखं होतं. आदल्या वर्षी याच यशोधन विद्यानिकेतनातल्या एका मुलीनं अचानक बोलणंच बंद केलं होतं. तेव्हापासून शाळा धसकलेली होती, आणि पालक तर त्याहून.

“मॅडम, ते खाली कोपऱ्यात कोण आहे?” मागून कुणीतरी विचारलं.

खालच्या कोपऱ्यात एक ठिपका होता. त्याच्याभोवतीचे झाडून सगळे बाण राखाडी होते. थोडा हशा झाला. कुलथे मॅडमनी घाईनं नकाशा पुसला आणि सहलीचा विषय काढला. सभा उठली तेव्हा त्या रेणुकाजवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, “शाल्मलीच्या आई, तुम्ही जरा थांबता का?”

मुलांच्या मनगटावर ‘मनबंध’ येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तो पट्टा नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचा. निवांत माणसात हे अंतर सारखं थोडं कमी-जास्त होत असतं. ताणाखाली मात्र नाडी घड्याळासारखी एकसुरी चालू लागते. त्वचेला सुटणारा सूक्ष्म घाम, आवाजातले चढउतार हेही तो टिपायचा. बोलण्यातले शब्द तेवढे त्याला कळत नसत. इथवरचं सगळं जुनंच होतं. पुण्याच्या एका कंपनीनं त्यात भर घातली ती पुढची. दोन माणसं बराच वेळ जवळ बसली, की त्यांचे श्वास आणि नाड्या नकळत एका चालीवर येतात. एकाची चाल पुढं असते, दुसऱ्याची तिच्यामागं येते. पट्टे एकमेकांना ओळखत असल्यामुळं कोण कुणाजवळ किती वेळ होतं आणि त्या दिवशी कुणाचं मन कुठं गेलं, याचा हिशेब संगणक मांडू शकत होता. जांभई जशी एकाकडून दुसऱ्याकडं जाते तशी उदासीही जाते, हे माणसाला पूर्वीपासून ठाऊक होतं. आता ती कुठल्या बाकावरून निघाली ते दिसायला लागलं होतं.

“प्रभाव म्हणतो आम्ही त्याला,” कुलथे मॅडम म्हणाल्या. “शाल्मलीचा प्रभाव शाळेत सगळ्यांत खाली आहे.”

“म्हणजे ती उदास असते?”

“ती थोडी असते, पण काळजीचं ते नाही. जी मुलं तिच्याजवळ बसतात त्यांचा दिवस वाईट जातो. एकदोन मुलं नाहीत, जवळजवळ सगळीच. तिचा दोष आहे असं मी म्हणत नाही हं. पण तुम्हीच सांगा, बाकीच्या पालकांना मी काय तोंड दाखवू?”

रेणुका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. रिपोर्टवरून माणसं तिच्याशी भांडायला यायची, आणि ती शांतपणे म्हणायची, “काका, मशीनचं तुमच्याशी वैर आहे का?” आज तिला तेच शब्द कुणीतरी ऐकवत असल्यासारखं वाटलं. शाल्मली लहानपणापासून अबोल होती, घरात कुणाचा आवाज चढला तर हिचा चेहरा आधी उतरायचा. असेलही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

पुढच्या सोमवारी वर्गाची बैठक बदलली. शाल्मली खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एकटी. जुई बिडवे, बालवाडीपासूनची तिची मैत्रीण, ‘अ’ तुकडीत. एकाच रिक्षानं जाणाऱ्या मुली, पण जुईच्या आईनं रिक्षाही बदलली.

दूध केंद्रावर त्या भेटल्या तेव्हा जुईची आई, अपर्णा, आधी पिशवीत बघत राहिली. मग म्हणाली, “रेणुकाताई, माझ्या मनात शालूबद्दल काही नाही. माझ्या हातचं खाऊन मोठी झालीय ती. पण मी आलेख बघितला. शालूसोबत असली की जुईची रेघ खाली येते. आता सांगा, बघून न बघितल्यासारखं कसं करू?”

“दहा वर्षांची मैत्री आहे, अपर्णा.”

“आहेच की. दहावी होऊ दे, मग आहेच.” आणि ती निघून गेली.

नावं लपवली होती, पण पोरांना नकाशाची गरजच नव्हती. रिकाम्या बाकानं सगळं सांगितलं. त्यातून, शाल्मलीजवळ कुणी जास्त वेळ रेंगाळलं की त्याच्या मनगटावरचा पट्टा हलकेच थरथरायचा आणि ‘जागा बदलून बघा’ अशी सूचना यायची. आठवडाभरात तिला नाव पडलं, ‘ग्रहण’. ती पाण्याच्या टाकीकडं निघाली की कुणीतरी ओरडायचं, “ग्रहण लागलं रे!” आणि नळावरची मुलं हसत बाजूला व्हायची. त्यांच्या हसण्यात फारसा दुष्टपणाही नव्हता. पट्टा थरथरतो म्हटल्यावर ती नुसती हात काढून घेत होती, तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा.

हे रेणुकाला सांगितलं धाकट्या ईशाननं. चौथीत होता तो, त्याच शाळेत. “पोरं ताईला ग्रहण म्हणतात,” तो जेवताना म्हणाला. शाल्मलीनं भाजी वाढून घेतली आणि विचारलं, “आई, लिंबू आहे का गं?”

उमेश, रेणुकाचा नवरा, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तणतणून आला. “ह्या शाळेतून काढू तिला,” तो म्हणाला. पण काढून घालणार कुठं? गावातल्या बऱ्या म्हणाव्यात अशा सगळ्या शाळांनी तेच पट्टे घेतले होते, आणि दाखल्यासोबत मुलाचा मागचा आलेख जायचा. एका शाळेत तो चौकशीला गेला, तर तिथल्या बाईंनी पडद्याकडं नजर टाकली आणि नववीत जागा नसल्याचं सांगितलं. आधी फोनवर त्यांनीच ‘या, जागा आहे’ म्हटलं होतं.

ईशानची शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली तेव्हा रेणुकाच्या फोनवर शाळेकडून एक सल्ला आला. परीक्षेच्या काळात भावंडांमधला संपर्क मर्यादित ठेवणं हिताचं राहील, असं त्यात होतं. तिनं तो रागानं पुसून टाकला. पण दोनच दिवसांनी, पलंगावर दोघं बहीणभाऊ भागाकारात डोकं घालून बसली होती आणि ईशान कधी नव्हे तो चुकत होता, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “शालू, तू जरा आत बस ना. त्याला एकट्याला करू दे.”

अगदी सहज म्हणाली होती ती. शाल्मलीनं मान वर करून आईकडं बघितलं. रडली नाही, चिडली नाही. नजरेत एवढंच होतं, की तुलासुद्धा? मग तिनं आपली उशी उचलली आणि ती आत गेली.

त्या संध्याकाळपासून ती ताट घेऊन मागच्या गॅलरीत जेवायला लागली. रेणुकानं हात धरून आत आणलं तर दोन घास खाऊन उठायची. ईशान बैठकीत असला की ती स्वयंपाकघरात, तो स्वयंपाकघरात आला की ती गच्चीवर. त्याला ताप आला तेव्हा त्यानं दिवसभर “ताई, ताई” लावलं होतं. शाल्मली आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिथूनच तिनं त्याला गोष्ट सांगितली.

“अगं, ये की आत,” रेणुका म्हणाली.

“नको. त्याच्या हातात पट्टा आहे.”

“काढून टाकते मी तो पट्टा!”

“पट्टा काढला तरी मी तीच आहे ना, आई,” शाल्मली समजुतीच्या सुरात म्हणाली. जणू तीच मोठी होती.

रेणुकानं ‘आत बस’ हे आपले शब्द परत घ्यायचा किती प्रयत्न केला! जवळ घेतलं, चुकले म्हणाली, आवडीचं करून घातलं. मुलगी सगळ्याला “हो” म्हणायची आणि ताट उचलून गॅलरीत जायची. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “हिला समवयस्कांची सोबत हवी.” रेणुकाला वाटलं, हे तर उपाशी माणसाला ‘जेवा’ म्हणून लिहून दिल्यासारखं झालं. सोबत कुठल्या दुकानात मिळते?

आणि मग एके दिवशी लॅबमध्ये फोन आला. शाळेच्या समुपदेशक, मोहिनी लोखंडे. वर्षभरापूर्वीच रुजू झालेली तरुण मुलगी.

“तुम्ही येऊ शकाल का? मला काहीतरी दाखवायचंय. कुलथे मॅडमना मी कालच सांगितलंय.”

लोखंडे मॅडमच्या छोट्या खोलीत पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक नारिंगी.

“संगणक दिवसाची सरासरी बघत होता,” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी एखादं मूल शाल्मलीजवळ बसलं, तो त्याचा दिवस वाईट, एवढंच त्याला दिसलं. त्यावरून त्यानं ठरवलं की हिच्यामुळं वाईट. तुमच्या लॅबचंच घ्या ना. तिथं येणारी माणसं बहुतेक आजारी असतात. म्हणून काय तुमची लॅब लोकांना आजारी पाडते?”

रेणुका पुढं सरकून बसली.

“बैठक बदलायच्या आधीचं मी एकेक मिनिटाचं काढून बघितलं. ही निळी रेघ एका मुलीची आहे. नाव नाही सांगत. गणिताच्या तासाला हिच्या बाबतीत वर्गात काहीतरी झालं, बघा कशी कोसळलीय. मधल्या सुट्टीत ती शाल्मलीजवळ जाऊन बसली, आणि इथून पुढं बघा.”

निळी रेघ हळूहळू सैल होत वर चढली होती.

“अशी कितीतरी मुलं आहेत. ती शाल्मलीमुळं खचत नव्हती, खचली की तिच्याकडं जात होती. शाल्मली काही करायची नाही, नुसती ऐकायची. तिची नाडी आधी त्यांच्या चालीवर जायची, मग सावकाश स्वतः मंद व्हायची आणि त्यांना सोबत घेऊन यायची. शिकवून येत नाही हो हे. मी एवढी शिकले, मला नाही येत.”

“आणि ही नारिंगी?” रेणुकानं विचारलं, पण तिला उत्तर कळलंच होतं.

“शाल्मलीची.”

निळी रेघ वर जात होती, तशी नारिंगी खाली येत होती. मूल उठून गेल्यावरही ती खालीच राहिली होती.

“प्रत्येक वेळी असंच?”

“प्रत्येक वेळी. ऐकलेलं ती कुणाला सांगायची नाही ना, मग ते तिच्यापाशीच राहायचं. फक्त एका मुलीजवळ बसली की तिची रेघ वर यायची.”

“जुई,” रेणुका म्हणाली.

लोखंडे मॅडमनी मान डोलावली. “जुईची थोडी खाली यायची, हे खरं आहे. संगणक तेवढ्यापुरता बरोबर होता. तिच्या आईवडिलांशी बोलले मी. ते म्हणाले, आता आमची मुलगी छान आहे, कशाला पुन्हा? आणि ती छान आहे, ताई. तिला नव्या मैत्रिणी मिळाल्यात.”

घरी येऊन रेणुकानं शाल्मलीला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज आनंदानं कापत होता. शाल्मली गॅलरीत भिंतीला टेकून ऐकत होती.

“म्हणजे मी वाईट नव्हते?”

“नव्हतीस गं राणी. उलट...”

“मग जुई येईल का परत?”

रेणुकाला खोटं बोलता आलं नाही. शाल्मलीनं समजून घेतलं, नेहमीसारखंच. “तिची रेघ खाली यायची ना,” ती म्हणाली. “मग नकोच.”

महिन्याभरानं कुलथे मॅडमनी दोघा नवराबायकोला बोलावलं. या वेळी चहा आला, बिस्किटं आली. कंपनीचा माणूस पडद्यावरून बोलत होता. चूक झाली हे त्यानं मोकळेपणानं मान्य केलं. शाल्मलीला बाजूला काढल्यावर वर्गाची सरासरी सुरुवातीला सुधारली होती, पण आता सगळा वर्ग घसरत चालला होता. आपल्यामुळं दुसऱ्याचा पट्टा थरथरू नये म्हणून मुलं एकमेकांजवळ रडायलाही जात नव्हती.

“आम्ही नवीन प्रणाली आणतोय,” तो म्हणाला. “शाल्मलीसारखी मुलं फार दुर्मीळ असतात. आधार-विद्यार्थी म्हणू आपण त्यांना. एखादं मूल खचलं की त्याचा पट्टाच त्याला सांगेल, जा, शाल्मलीजवळ बस.”

“तिचा सत्कार करू आपण,” कुलथे मॅडम म्हणाल्या. “सगळ्या शाळेसमोर. जे झालं ते भरून निघेल.”

“आणि तिची रेघ?” रेणुकानं विचारलं.

“त्यावर आमचं बारीक लक्ष राहील.”

“लक्ष तर तेव्हाही होतं,” उमेश म्हणाला आणि उठला.

बाहेर व्हरांड्यात त्यानं राग मोकळा केला. “आधी विष म्हणून फेकून दिलं पोरीला, आता औषध म्हणून उगाळून पाजणार! नाही म्हणून कळव त्यांना, रेणू. शिकू दे घरी बसून.”

“हो,” रेणुका म्हणाली. तिचंही तेच ठरलं होतं.

पण शाल्मलीला सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. कित्येक महिन्यांत त्या चेहऱ्यावर काही हललेलं रेणुकानं बघितलं नव्हतं.

“मी जाणार,” ती म्हणाली.

“शालू, तुला कळतंय का? ती पोरं तुझ्यासाठी नाही येणार. स्वतःचं ओझं टाकायला येतील आणि निघून जातील. तुला ग्रहण म्हणणारी पोरं आहेत ती.”

“मला माहितीये, आई.”

“मग?”

“मग काय? बाकावर कुणीतरी बसेल ना.”

रेणुका तिच्याकडं बघत राहिली. नको म्हणायचं, तर त्या बदल्यात द्यायला आपल्याजवळ आहे काय? गॅलरी, गोळ्या आणि आईबाप. चौदा वर्षांच्या मुलीला आईबाप पुरत नाहीत, हे तिला स्वतःच्या चौदाव्या वर्षापासून ठाऊक होतं. उमेशनं दोन दिवस अबोला धरला, मग त्यानंही विरोध सोडला. शाळेनं मागितलेला होकार रेणुकानं फोनवर दिला, तेव्हा आपण मुलीला वाचवतोय की लोटतोय, हे तिला कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी ती लॅबमधून सुट्टी काढून मधल्या सुट्टीला शाळेत गेली. वर्गाच्या खिडकीतून बघितलं. शाल्मलीच्या बाकाजवळ मुलं उभी होती. एक उंच मुलगा तिच्या शेजारी बसून खाली मान घालून बोलत होता. थोड्या वेळानं तो उठला, बाहीनं डोळे पुसले आणि शाल्मलीकडं वळूनही न बघता मैदानावर पळाला. त्याच्या पळण्यात हलकेपणा होता. त्याच्या जागी लगेच एक मुलगी बसली. शाल्मली सरकून बसली, तिला जागा दिली, आणि हसली. डबा तिच्यासमोर तसाच होता, न उघडलेला.

रेणुकाच्या हातातल्या फोनवर, पालकांना दिसणाऱ्या आलेखात, शाल्मलीची नारिंगी रेघ उतरत होती. तिनं फोन पर्समध्ये टाकला.

त्या संध्याकाळी शाल्मली घरी येऊन सोफ्यावर बसली. गॅलरीत गेली नाही. रेणुकानं तिच्यापुढं पोहे ठेवले.

“काय बोलली गं मुलं?”

“ते नसतं सांगायचं, आई.”

“मला सांग. माझ्यापाशी राहील. तुझ्याजवळ साठू देऊ नकोस.”

शाल्मलीनं आईकडं निरखून बघितलं. ईशानची परीक्षा, उमेशचा अबोला, महिनोन्‌महिने नीट न झालेली झोप, सगळं तिनं एका नजरेत वाचलं असावं. तिनं ताटली बाजूला ठेवली आणि आईचा हात हातात घेतला.

“आज नको,” ती म्हणाली. “तू किती दमलीयेस. तुला काय होतंय ते सांग आधी.”

“मला काही नाही होत.”

“सांग ना.”

रेणुकाला हात सोडवून घ्यायचा होता. पण तिच्या आत काहीतरी एकदम सुटलं आणि ती रडायला लागली. त्या दिवशी पलंगाजवळ बोलून गेलेलं, तेव्हापासून रोज छातीवर घेऊन झोपलेलं, उमेशला न सांगितलेलं, सगळं हुंदक्याहुंदक्यानं बाहेर यायला लागलं. शाल्मली काहीच बोलत नव्हती, नुसती ऐकत होती. तिचा श्वास आधी आईच्या श्वासाबरोबर अडखळला, मग सावकाश मंद होत गेला.

हळूहळू रेणुकाचाही श्वास मोकळा झाला. कित्येक दिवसांनी छाती हलकी वाटली. काय चाललंय ते तिला स्वच्छ कळत होतं. तरीही तिला हात काढून घेता येईना.